मँड्रेकचा हात आणि फिल डेव्हिसची रेघ

एका गुंडाने चित्रकथेतल्या मँड्रेक या जादूगारावर पिस्तूल रोखलेले असते. पुढच्या चौकटीत मँड्रेकचा हात समोर येतो, बोटे ताणलेली, चेहरा अगदी शांत, आणि चौकटीच्या वरच्या पट्टीत एक छोटे वाक्य असते: मँड्रेक हाताने संमोहनाची खूण करतो. त्याच्या पुढच्या चौकटीत गुंडाच्या मुठीत पिस्तूल राहिलेले नसते. तिथे फणा काढलेला साप वळवळत असतो आणि गुंड किंचाळून तो फेकून देतो. चौथ्या चौकटीत जमिनीवर पडलेले दिसते ते पुन्हा साधे पिस्तूलच, आणि मँड्रेकचा सोबती लोथार ते शांतपणे उचलून घेतो. मँड्रेकच्या शेकडो कथांमध्ये हा प्रसंग या ना त्या रूपात येतो, पिस्तुलाचा कधी साप होतो, कधी फूल होते, कधी ते तापून लाल होते, आणि इतक्या वेळा वाचूनही तो मला अजून शिळा वाटत नाही.

त्याचे कारण तिसऱ्या चौकटीत आहे, असे माझे मत आहे. तो साप खोटा आहे हे वाचकाला ठाऊक असते. तरीही चित्रकाराने तो काढताना कोणतीही सवलत घेतलेली नसते. त्याच्याभोवती तुटक रेषा नसतात, धुराचे वलय नसते, हा नुसता भास आहे असे सुचवणारी एकही खूण नसते. ज्या शाईने पिस्तूल काढले त्याच शाईने, तितक्याच ठाम रेषेत, अंगावरच्या खवल्यांसकट तो साप काढलेला असतो. एका चौकटीपुरते आपण गुंडाच्या डोळ्यांनी पाहतो आणि पुढच्याच चौकटीत आपल्या डोळ्यांवर परत येतो. कागदावर खरे आणि खोटे यांचे वजन सारखेच असते, आणि लेखक ली फॉक आणि चित्रकार फिल डेव्हिस या दोघांनी नेमकी हीच गोष्ट हेरून तिच्यावर आपली सगळी चित्रमालिका उभी केली. म्हणूनच ‘मँड्रेक द मॅजिशियन’ ही मला केवळ एका जादूगाराची साहसकथा वाटत नाही; कागदावर चौकटींमधून गोष्ट सांगण्याच्या कलेत जी नजरबंदी मुळातच असते, ती उघडपणे वापरणारी ही पहिल्या काही मालिकांपैकी एक आहे.

ली फॉक यांचा जन्म १९११ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातील सेंट लुईस शहरात झाला. जादूगार नायकाची कल्पना त्यांना विद्यार्थिदशेतच सुचली होती आणि सुरुवातीच्या काही पट्ट्या त्यांनी स्वतःच रेखाटल्या होत्या. वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या न्यूयॉर्कच्या किंग फीचर्स सिंडिकेटने ती कल्पना विकत घेतली तेव्हा रोज चित्रे काढत बसणे हे आपले काम नाही हे फॉक यांच्या लक्षात आले होते, आणि त्यांनी आपल्याच शहरातला फिल डेव्हिस हा व्यावसायिक चित्रकार सोबत घेतला. डेव्हिस त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे होते. ११ जून १९३४ रोजी, सोमवारी, मँड्रेकची पहिली दैनिक पट्टी वर्तमानपत्रांत छापून आली, आणि ३ फेब्रुवारी १९३५ पासून रविवारची रंगीत आवृत्तीही सुरू झाली, जिची कथा दैनिक कथेपेक्षा वेगळी असे. त्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारी १९३६ मध्ये, फॉक यांनी ‘फँटम’ म्हणजे आपल्याकडचा वेताळ सुरू केला, आणि तो रेखाटणारे रे मूर हेही सेंट लुईसचेच होते व त्याआधी डेव्हिस यांना मँड्रेकच्या चित्रांत मदत करत होते. जगभरच्या वाचकांच्या तीन-चार पिढ्यांना माहीत असलेले हे दोन नायक असे एकाच शहरातल्या मोजक्या तरुणांच्या ओळखीतून आले.

सिंडिकेटला आपण जग हिंडलेले आहोत असे फॉक यांनी सांगितले होते, पण प्रत्यक्षात तोवर ते आपल्या शहराच्या आसपासच्या प्रदेशाबाहेर फारसे गेलेले नव्हते. मालिकेचा भूगोल पाहिला की हे कळते. मँड्रेक तिबेटमधल्या एका गुप्त विद्यापीठात जादू शिकलेला आहे, नार्डा ही कोकेन नावाच्या काल्पनिक युरोपीय राज्याची राजकन्या आहे, लोथार आफ्रिकेतल्या सात जमातींच्या संघाचा राजपुत्र आहे. हा सगळा प्रदेश नकाशावरचा नाही. ग्रंथालयात बसून, साहसकथा वाचून एका तरुणाने मनाशी रचलेला आहे. पुढे फॉक यांनी खरोखरच जगभर प्रवास केला, तरीही मालिकेतली ही स्वप्नाळू ठिकाणे त्यांनी बदलली नाहीत, आणि ते योग्यच झाले, कारण जिथे पावलोपावली दिसते ते खरे नसते अशा कथेला काटेकोर भूगोल फार मानवला नसता.

मँड्रेकचा पोशाख मात्र अगदी खऱ्या जगातून घेतलेला आहे. उंच काळी टोपी, मागे शेपट्या असलेला कोट, लाल अस्तराचा झगा, चापूनचोपून बसवलेले केस आणि बारीक मिशी हे त्या काळच्या पाश्चात्त्य रंगमंचावरील जादूगाराचे ठरलेले रूप होते आणि १९३४ च्या वाचकाला ते पाहताक्षणी ओळखीचे वाटले असणार. आपल्याकडे पी. सी. सरकार यांनी महाराजाचा वेष स्वीकारून जादूगाराचे वेगळे रूप घडवले, पुण्याच्या जादूगार रघुवीर यांनी मराठी माणसाला त्याच्या भाषेत जादू दाखवली, आणि तरीही ‘जादूगार’ म्हटले की आपल्यातल्या अनेकांच्या डोळ्यांसमोर आजही काळी टोपी आणि झगाच येतो. त्यात मँड्रेकचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. कॅनडात वाढलेला लिऑन मँड्रेक नावाचा एक खराखुरा रंगमंचीय जादूगारही याच वेषात प्रयोग करीत असे आणि त्याच्या सोबतिणीचे रंगमंचावरील नावही नार्डा होते. कागद आणि रंगमंच यांची अशी सरमिसळ दुसऱ्या कोणत्या साहसमालिकेत झालेली मला आठवत नाही.

फॉक यांनी घेतलेला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मालिकेच्या सुरुवातीच्या काळातला आहे. आरंभीच्या कथांमध्ये मँड्रेकची जादू ही खरी जादू होती; तो अदृश्य होई, रूपे बदली, वस्तू हवेत तरंगवी. अशा नायकाला अडचणीत कसे आणायचे हा प्रश्न प्रत्येक लेखकाला पडतो, कारण ज्याला काहीही करता येते त्याच्या गोष्टीत काय होणार याची उत्कंठा उरत नाही. फॉक यांनी लवकरच ती शक्ती आवरती घेतली आणि मँड्रेकचे सामर्थ्य संमोहनावर, म्हणजे समोरच्याला भास घडवण्याच्या कौशल्यावर आणून ठेवले. साप आता खरा राहिला नाही, तो फक्त गुंडाला दिसू लागला.

या एका बदलाने मालिकेला नियम मिळाले. भास घडवायचा तर समोरच्याने पाहिले पाहिजे, म्हणून मागून डोक्यात घातलेला फटका मँड्रेकला इतर कोणत्याही शस्त्रापेक्षा जास्त घातक ठरतो, आणि हात बांधलेले असतील तर त्याची पंचाईत होते. फॉक यांनी या दोन युक्त्या वर्षानुवर्षे वापरल्या. काही वेळा जरा जास्तच वापरल्या. पण मुख्य म्हणजे नायकाला आता समोरच्या माणसाचा विचार करावा लागू लागला. या माणसाला कशाची भीती वाटते, त्याचा लोभ कशात अडकला आहे, त्याला काय दाखवले की तो हातातले शस्त्र टाकेल, हे ओळखल्याशिवाय भास उपयोगी पडत नाही. मँड्रेक गुन्हेगाराला क्वचितच मारतो. तो त्याला त्याच्याच भयाच्या स्वाधीन करतो आणि मग पोलिसांच्या हवाली करतो. ज्या काळात साहसकथांचे नायक पानोपानी ठोसे लगावत होते त्या काळात हा देखणा, सभ्य माणूस आवाजही न चढवता जिंकत होता. सुपरमॅन १९३८ मध्ये आला, त्याच्या चार वर्षे आधी मँड्रेक आला होता, आणि म्हणून चित्रकथांचे काही इतिहासकार त्यालाच पहिला अतिमानवी नायक मानतात. पहिला कोण या वादात मला फारसा रस नाही. पण सुपरमॅनच्या पहिल्याच अंकात झटारा नावाचा उंच टोपीवाला जादूगारही होता, आणि तो कोणाच्या पावलांवर पाऊल टाकून आला हे सांगण्यासाठी इतिहासकाराची गरज नाही.

आता डेव्हिस यांच्या रेषेबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मँड्रेकची चर्चा होते तेव्हा बहुतेक श्रेय फॉक घेऊन जातात. दैनिक पट्टी म्हणजे तीन-चार छोट्या चौकटी, हलक्या कागदावर, केवळ काळ्या शाईत छापलेल्या. पहिल्या चौकटीत कालचा धागा जोडायचा, मधल्या चौकटींत गोष्ट पुढे सरकवायची आणि शेवटच्या चौकटीत उद्याचा अंक घ्यायला लावेल असा खटका ठेवायचा, अशी तिची शिस्त. एवढ्या जागेत डेव्हिस एखाद्या प्रासादाचा जिना, त्यावरचे गालिचे, दूरच्या दारातून येणारा प्रकाश आणि पुढे उभ्या असलेल्या स्त्रीच्या पोशाखाच्या चुण्या असे सगळे बसवत, आणि तरीही चित्रात कोंडी होत नसे. मँड्रेकचा कोट जवळजवळ सलग काळा असे. त्या काळ्या आकारामुळे कितीही गर्दीच्या चौकटीत वाचकाची नजर आधी त्याच्यावर जाते, आणि त्या काळ्यातून पांढरा कफ व पांढरा हात पुढे आला की खूण करण्याचा क्षण वाक्य वाचण्याआधीच समजतो. ही योजना आहे, आणि ती इतकी साधी आहे की लक्षात येत नाही.

डेव्हिस यांच्या पत्नी मार्था या स्वतः फॅशनची चित्रे काढणाऱ्या कलाकार होत्या आणि त्या मँड्रेकच्या चित्रांत, विशेषतः स्त्रियांच्या वेषभूषेत, हातभार लावत असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेव्हिस विमाने बनवणाऱ्या कर्टिस-राईट कंपनीसाठी चित्रकाम करीत होते, तेव्हा हा हातभार वाढला. मालिकेवर मार्था यांचे नाव आलेले नाही. नार्डाचे जे कपडे पाहून त्या काळच्या वाचकांनी तिला राजकन्या मानले त्यांमागे एका अनुभवी फॅशन चित्रकाराचा डोळा होता, हे मँड्रेकवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने नोंदवायला हवे.

माझी स्वतःची मँड्रेकशी ओळख अर्थातच वर्तमानपत्रातून झाली नाही. माझ्या पिढीतल्या बहुतेक मराठी वाचकांप्रमाणे ती इंद्रजाल कॉमिक्समधून झाली. मुंबईत बोरीबंदरसमोरच्या इमारतीतून चालणाऱ्या टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केले. आधी वेताळ आला, पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि इतर आले, १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, आणि इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीसह अनेक भारतीय भाषांतून हे अंक निघत राहिले. १९९० मध्ये ते बंद झाले. आमच्याकडे ते विकत घेण्यापेक्षा वाचनालयातून किंवा रद्दीच्या दुकानातून अधिक येत, त्यामुळे अंक क्रमाने कधीच मिळाले नाहीत, आणि मँड्रेकचा शत्रू कोब्रा कोण आहे हे कळण्याआधी तो परत आलेला मी वाचला होता. वेताळाचा अंक मिळावा म्हणून मुलांमध्ये ओढाताण होई आणि मँड्रेकचा अंक त्या मानाने सहज मिळे. वेताळाकडे घोडा, लांडगा, कवटीची अंगठी आणि चारशे वर्षांची परंपरा होती. मँड्रेककडे एक टोपी होती. मला तेव्हाही मँड्रेकच अधिक आवडे, कारण वेताळाच्या गोष्टीत पुढे काय होणार एवढेच पाहायचे असे, आणि मँड्रेकच्या गोष्टीत आत्ता जे दिसते आहे ते खरे आहे का हेही पाहावे लागे.

मोठेपणी मूळ पट्ट्या वाचल्या तेव्हा इंद्रजालने काय दिले आणि काय गमावले हे दोन्ही दिसले. वर्तमानपत्रासाठी आडव्या रचलेल्या पट्ट्या उभ्या पानावर बसवायच्या म्हणजे चौकटी कापाव्या लागतात, कधी बाजूने वाढवाव्या लागतात, आणि दर सोमवारी मागचे थोडक्यात सांगणाऱ्या चौकटी गाळाव्या लागतात. त्या गाळल्या हे चांगलेच झाले. परंतु डेव्हिस यांच्या काळ्या-पांढऱ्या रचनेवर सपाट रंग चढवले गेले तेव्हा मघाशी सांगितलेली काळ्या कोटाची योजना बुजून गेली, कारण कोट निळा झाला, भिंत जांभळी झाली आणि नजर कुठे जावी हे ठरवणारा विरोध संपला. शिवाय दैनिक पट्टीचा श्वास वेगळा असतो. चौथ्या चौकटीतला खटका चोवीस तासांच्या प्रतीक्षेसाठी रचलेला असतो. पुस्तकात तो पान उलटताच विरून जातो आणि कथा उगाच धक्के खात चालल्यासारखी वाटते. तरीही माझ्यासारख्या असंख्य वाचकांना हा नायक त्यांच्या भाषेत, परवडणाऱ्या किमतीत मिळाला तो केवळ इंद्रजालमुळे, आणि त्या अनामिक मराठी अनुवादकांचे ऋण मोठे आहे.

लोथारविषयी बोलल्याशिवाय मँड्रेकविषयी प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. लोथार हा जगातला सर्वांत बलवान माणूस आहे, हत्ती उचलू शकतो, आणि आपल्या जमातींचे राजेपद नाकारून तो मँड्रेकबरोबर आला आहे. १९३४ च्या अमेरिकेत, गोऱ्या नायकाच्या शेजारी पहिल्या कथेपासून उभा असलेला, गुन्हेगारांशी लढणारा आफ्रिकी राजपुत्र ही लहान गोष्ट नव्हती. परंतु त्याला जे रूप दिले गेले ते त्या काळच्या सर्व पूर्वग्रहांचे ओझे वाहणारे होते. अंगावर बिबट्याचे कातडे, डोक्यावर तुर्की टोपी, तोंडी मोडकीतोडकी इंग्रजी, आणि मँड्रेकशी नाते मित्राचे असल्याचे सांगितले जात असले तरी वागणे नोकराचे. त्या जुन्या पट्ट्या आज वाचताना ते पाहवत नाही, आणि पाहवू नये. काळच तसा होता असे म्हणून हा विषय मिटवून टाकणे मला पटत नाही, कारण जी मालिका वाचकाला सतत शिकवत होती की डोळ्यांना दिसते त्यावर लगेच विश्वास ठेवू नका, तिने स्वतःच एका माणसाकडे ठरलेल्या चष्म्यातून पाहिले होते.

बदल झाला तो १९६५ मध्ये. डिसेंबर १९६४ मध्ये डेव्हिस यांचे निधन झाले आणि चित्रांची जबाबदारी फ्रेड फ्रेडरिक्स यांच्याकडे आली. अमेरिकेत तेव्हा नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती. नव्या चित्रांत लोथारच्या अंगावरचे बिबट्याचे कातडे गेले, त्याला आजचे कपडे मिळाले, त्याची भाषा शुद्ध झाली, आणि हळूहळू तो मँड्रेकचा बरोबरीचा सहकारी झाला. पुढे कर्मा ही त्याची मैत्रीण आली, जी आफ्रिकी राजघराण्यातली आहे आणि मॉडेलचे काम करते. फॉक यांनी हा बदल स्वतः लिहिला. एखादा लेखक तीस वर्षे घडवलेले पात्र सुधारून घेतो आणि त्यानंतर आणखी तीस वर्षे त्या सुधारलेल्या पात्रावर लिहीत राहतो, हे वर्तमानपत्री चित्रमालिकेतच शक्य आहे, कारण तिथे पात्र आणि लेखक एकाच वेगाने काळातून जात असतात. मूळ चूक त्याने धुतली जात नाही. पण माझ्या हातात आलेला मराठीतला लोथार बहुतेक वेळा हा दुसरा लोथार होता, आणि मला तो कधीही नोकर वाटला नाही याचे श्रेय या बदलाला आहे.

खलनायकांपैकी कोब्रा सर्वांत मोठा. तो पहिल्याच कथेत येतो, तिथे त्याचा पराभव होतो, आणि तब्बल तीन दशकांनी, १९६५ मध्ये, चंदेरी मुखवटा घालून परततो. तो ज्यांच्यासाठी धडपडतो ते स्फटिकाचे घन मानसिक शक्ती वाढवणारे आहेत आणि त्यांची राखण मँड्रेक आणि त्याचे पिता थेरॉन करतात. पुढे असे उघड होते की कोब्रा हाही थेरॉन यांचाच मुलगा आहे. ‘आठ’ ही गुन्हेगारांची प्राचीन संघटना आहे, तिचा प्रमुख ऑक्टॉन बराच काळ केवळ पडद्यावरच्या भीतिदायक चित्राच्या रूपातच दिसतो. क्ले कॅमल हा कोणाचाही चेहरा क्षणात धारण करतो. हे सर्व वाचताना मजा येते, पण माझ्या मते फॉक यांची प्रतिभा सर्वांत स्पष्ट दिसते ती आरशापलीकडच्या जगाच्या कथांमध्ये.

त्या जगात सगळे उलटे आहे. तिथे मँड्रेकचा जो प्रतिबिंबपुरुष राहतो त्याचे नाव मँड्रेकची अक्षरे उलट क्रमाने लावून केलेले, एकार्डनाम, आणि तो दुष्ट आहे. मँड्रेक हाताने खूण करून भास घडवतो तर हा डोळ्यांतून जादू करतो. लोथार आणि नार्डा यांचीही उलटी रूपे तिथे आहेत. कल्पना साधी आहे, जवळपास बालिश म्हणावी अशी, पण ती या मालिकेच्या मुळाशी जाऊन भिडते. कथाभर इतरांना खोटे दाखवणाऱ्या माणसासमोर एके दिवशी स्वतःचेच खोटे रूप खऱ्या शरीरात उभे राहते, आणि त्याला संमोहनाने पुसता येत नाही, कारण तो भास नाही. चित्रातही मजा अशी की दोघांत रेषेचा फरक काहीच नसतो. कोण कोणता हे ओळखायला वाचकाला त्यांच्या वागण्याकडेच पाहावे लागते.

नार्डाविषयी फॉक यांनी अधिक लिहायला हवे होते. ती १९३४ मध्येच मालिकेत आली, पाहताक्षणी दोघांचे प्रेम जमले, पुढे होजोकडून ती हातापायांनी लढण्याची विद्याही शिकली, पण अनेक कथांमध्ये तिचे काम पकडले जाण्यापुरतेच राहते. होजो हा मँड्रेकच्या डोंगरमाथ्यावरील झनाडू या निवासातला आचारी, आणि गुप्तपणे एका आंतरराष्ट्रीय गुप्तचर संघटनेचा प्रमुख. मँड्रेक आणि नार्डा यांचे लग्न अखेर १९९७ मध्ये झाले, झनाडू, नार्डाचे कोकेन आणि थेरॉन यांचे तिबेटी विद्यापीठ अशा तीन ठिकाणी तीन सोहळ्यांनी. इतकी वर्षे थांबवलेल्या नायिकेला एवढा थाट मिळायलाच हवा होता.

चित्रपटाने मँड्रेकला कधीच न्याय दिला नाही. कोलंबिया कंपनीने १९३९ मध्ये बारा भागांची मालिका काढली, त्यात वॉरन हल मँड्रेक होते, आणि संमोहनाऐवजी ठोशांवरच अधिक भर होता. १९७९ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी एक चित्रपट झाला, तोही पुढे गेला नाही. इटलीत मँड्रेकवर लोकांचे विलक्षण प्रेम होते आणि दिग्दर्शक फेदेरिको फेलिनी यांना त्याच्यावर चित्रपट करायचा होता. तो झाला नाही, पण त्यांच्या १९८७ च्या ‘इंटरविस्ता’मध्ये मार्सेलो मास्त्रोयानी मँड्रेकच्या वेषात येतात. ते थोडेसे दृश्य मला बाकीच्या सर्व प्रयत्नांपेक्षा मँड्रेकच्या जवळचे वाटते. कॅमेऱ्यासमोरचा साप हा एक तर खरा साप असतो किंवा युक्तीने घडवलेला, आणि प्रेक्षक ती युक्ती कशी केली हे शोधू लागतो. कागदावरच्या सापाबाबत तो प्रश्नच उद्भवत नाही.

फॉक हे स्वतः नाटकवेडे होते. त्यांनी अनेक नाट्यगृहे चालवली, कितीतरी नाटकांची निर्मिती आणि दिग्दर्शन केले, मार्लन ब्रँडोसारखे नट त्यांच्या नाटकांत काम करून गेले, आणि हे सगळे करताना वेताळ आणि मँड्रेक यांच्या संहिता ते न चुकता पाठवत राहिले. १३ मार्च १९९९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा मँड्रेक ते जवळपास पासष्ट वर्षे लिहीत होते. त्यानंतर फ्रेडरिक्स लेखनही करू लागले. २००२ च्या अखेरीस रविवारची पट्टी थांबली, आणि २०१३ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, फ्रेडरिक्स निवृत्त झाले तेव्हा दैनिक कथा मध्येच सोडून जुन्या कथांचे पुनर्मुद्रण सुरू झाले. जवळजवळ अर्धशतक त्यांनी हे पात्र सांभाळले, म्हणजे डेव्हिस यांच्यापेक्षाही जास्त काळ, पण त्यांच्या रेषेत डेव्हिस यांच्या काळ्या-पांढऱ्याची ती खोली नाही असे मला नम्रपणे नोंदवावेसे वाटते. त्यांची रेघ चपळ आहे, माणसे आधुनिक आहेत, कथा वेगाने पुढे जाते. भास मात्र थोडा हलका वाटतो.

ज्यांनी मँड्रेक केवळ इंद्रजालमधून वाचला आहे त्यांनी मूळ दैनिक पट्ट्या एकदा अवश्य पाहाव्यात. टायटन बुक्सने २०१६ मध्ये सुरुवातीच्या पट्ट्यांचा संग्रह काढला आहे आणि त्यात कोब्राची पहिली कथा आहे. ती वाचताना घाई करू नये. एका बैठकीत दहा-बारा दिवसांच्या पट्ट्या पुरेत, प्रत्येक चौथ्या चौकटीवर जरा थांबावे, आणि मँड्रेकचा हात पुढे आला की वाक्य वाचण्याआधी मागची भिंत, सावली आणि त्या कोटाचा काळा आकार नीट पाहावा. लोथारचे चित्रण तुम्हाला खुपेल, आणि फॉक अजून आपली वाट शोधत असल्यामुळे जादूही त्या पहिल्या कथेत कधी खरी तर कधी भास अशी डळमळते. पण डेव्हिस यांचा हात पहिल्या आठवड्यापासूनच बसलेला आहे.